परमुलखातील बिऱ्हाड

एखादा मनुष्य परदेशी राहून आला की गावातील मंडळी त्याला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनी विचारतात. ते शहर कसे आहे? तेथील घरे किती मजल्यांची? दूध काय भावाने मिळते? थंडी किती पडते? गोंदिया जिल्ह्यातील मुलेही शिक्षणासाठी नागपूरला, रायपूरला, पुण्याला जातात. काही त्याहून दूर, समुद्रापलीकडे जातात. सुटीत ती घरी आली की अंगणात बसून हीच चौकशी होते. आणि दोन परदेशी शहरांत राहिलेला मनुष्य भेटला, तर मग विचारावयासच नको. दोहोंत चांगले कोणते, हे त्याने ताबडतोब सांगावे अशी सर्वांची अपेक्षा असते. आणि तोही बहुधा भाडे, भाजी व हवा यांचा हिशेब मांडून एका शहराच्या पारड्यात आपले मत टाकून मोकळा होतो.

हा हिशेब खोटा नसतो, पण अपुरा असतो. उंच इमारती, रुंद रस्ते आणि स्वच्छ बाजार ही शहराची श्रीमंती झाली. परक्या माणसाने तेथे बिऱ्हाड करावयाचे म्हटले म्हणजे एक निराळीच कसोटी लागते. दार ठोठावणाऱ्या अनोळखी माणसाला खोली देण्यापूर्वी ते शहर काय विचारते, ही ती कसोटी होय. भाडे देण्याची ऐपत विचारणे वेगळे आणि जन्म कोणत्या घरात झाला हे विचारणे वेगळे. शहरांची तुलना करावयाची असेल तर ती आधी या ठिकाणी करावयास हवी.

या दृष्टीने पाहण्याजोगे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात आहे. गोंदियाच्या भागाला ते अगदीच दूरचे नाही. १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर तेथे उमेदवार म्हणून उभे होते. ते निवडून आले नाहीत, ही गोष्ट वेगळी. त्या काळी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. भंडारा जिल्ह्याचाच तो भाग होता, आणि भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात मोडत असे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. ज्या उमेदवाराला या भागातील कित्येकांनी मत दिले व कित्येकांनी दिले नाही, त्याने आपल्या तारुण्यात पृथ्वीवरील दोन बलाढ्य नगरांत विद्यार्थी म्हणून बिऱ्हाड केले होते. पहिले न्यूयॉर्क, दुसरे लंडन.

न्यूयॉर्कला भीमराव पोहोचले ते १९१३ च्या जुलै महिन्यात. वय बावीस वर्षांचे. वडिलांना जाऊन अवघे काही महिने झाले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली होती; तिच्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव घातले. त्याच वर्षी त्या शहरात वूलवर्थची इमारत उभी राहिली होती आणि ती त्या वेळी जगात सर्वांत उंच गणली जात असे. भुयारातून धावणाऱ्या आगगाड्या सुरू होऊन नऊ वर्षे लोटली होती. बंदराजवळच्या बेटावर युरोपातून आलेल्या लोकांचे तांडेच्या तांडे उतरत होते. कोणी इटलीचा, कोणी रशियाचा, कोणी आयर्लंडचा. जेथे निम्मे शहर कालपरवा बोटीतून उतरलेले, तेथे परकेपणाचे कोणाला काय वाटणार? परक्यांच्या गर्दीत आणखी एक परका मिसळून गेला, इतकेच.

पहिले काही दिवस भीमराव विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. गोमांसाचे पदार्थ वारंवार ताटात येत. म्हणून ते दुसरीकडे, जेथे काही हिंदी विद्यार्थी राहत असत अशा एका क्लबात गेले. पुढे नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते एका वसतिगृहात राहू लागले आणि त्यांची मैत्री जन्मभर टिकली. शिष्यवृत्तीतून चार पैसे वाचवून घरी पाठवावयाचे, उरलेल्यांत जुनी पुस्तके धुंडाळावयाची आणि बाकी सारा वेळ ग्रंथालयात घालवावयाचा, असा त्यांचा क्रम पडला. अर्थशास्त्र तर त्यांनी अभ्यासिलेच, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, यांपैकी एकही दालन त्यांनी सोडले नाही. सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गापुढे भारतातील जातींवर एक निबंध वाचला. ज्या तरुणाला स्वतःच्या देशात जातीने दाराबाहेर बसविले होते, त्याने हजारो मैलांवर जाऊन त्या जातीची उलटतपासणी करावी आणि विद्वानांनी ती कान देऊन ऐकावी, हा योग साधा नव्हे.

हा योग केवढा मोठा, हे कळावयास साताऱ्याच्या शाळेची आठवण करावी लागेल. त्या शाळेत लहानग्या भीमाला इतर मुलांबरोबर बसता येत नसे. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर एका बाजूला त्याने बसावयाचे. तहान लागली तर नळाला हात लावावयाचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यावयाचे. शिपाई नसला तर पाणीही नाही. या मुलाने न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे काढली. वसतिगृहात, वर्गात वा भोजनाच्या मेजाशी त्याचा विटाळ मानणारे तेथे कोणी नव्हते.

लंडनचे चित्र याच्या अगदी उलट होते. १९१६ च्या उन्हाळ्यात भीमराव तेथे गेले तेव्हा पहिले महायुद्ध ऐन भरात होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत अर्थशास्त्र आणि ग्रेज इन येथे कायदा, असे दोन्ही अभ्यास त्यांनी आरंभिले. पण वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. दुसऱ्यांदा ते लंडनला गेले १९२० मध्ये. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी काही पैसा शिल्लक टाकला होता. त्यात छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याची भर पडली, आणि भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले.

या वेळचे लंडनचे बिऱ्हाड म्हणजे काटकसरीची परिसीमा होती. घरमालकीण सकाळी एक कप चहा, पावाचा एक तुकडा, थोडा मुरंबा आणि मासळीचा लहानसा घास देई. तेवढ्यावर भीमराव पायी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात, दार उघडण्याच्या वेळेस हजर होत आणि ते बंद होईपर्यंत तेथून हलत नसत. दुपारच्या जेवणाला पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. रात्री खोलीवर आले म्हणजे मांसाच्या अर्काचा एक गरम पेला आणि काही बिस्किटे. दहाच्या सुमारास पोटात पुन्हा आग पडे. मग एका परिचिताकडून मिळालेले पापड काढावयाचे, पत्र्याच्या तुकड्यावर त्यांतील चार भाजावयाचे आणि पुन्हा वाचावयास बसावयाचे. खोलीतील सोबत्याला मध्यरात्री जाग येई तेव्हाही दिवा जळतच असे. चार पापडांचे ते जेवण लंडनच्या कोणत्याही वर्णनात सापडणार नाही. परंतु त्या शहरात हिंदी विद्यार्थी कसे राहिले हे समजून घ्यावयाचे असेल तर राजवाड्याच्या चित्रापेक्षा ते अधिक उपयोगी आहे.

मग दोहोंत चांगले शहर कोणते? घाई करणारा वाचक न्यूयॉर्कला कौल देईल. तेथे मित्र, तेथे गुरू, तेथे शिष्यवृत्ती. लंडनला मात्र उपास. पण हा कौल टिकावयाचा नाही. भीमराव न्यूयॉर्कला गेले ते दुसऱ्याच्या खर्चाने शिकणारा बावीस वर्षांचा तरुण म्हणून. लंडनला दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते, संसारी होते; मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवीत होत्या, आणि डोक्यावर कर्ज होते. त्यांच्या उपासाचे खापर लंडनवर फोडणे न्याय्य नव्हे. शहर बदलले होते तसा माणूसही बदलला होता. परदेशाहून आलेल्या माणसाने अमुक शहर वाईट म्हणून सांगितले, तर तो तेथे कोणत्या वयात आणि किती पैसे घेऊन गेला होता, हेही विचारून घेणे बरे. शिवाय उपाशी ठेवणाऱ्या त्याच लंडनने त्यांच्यापुढे लाखो ग्रंथ उघडे केले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी.; हे सारे त्या चार पापडांवर उभे राहिले.

दोन्ही शहरे निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. लंडन ही साम्राज्याची राजधानी होती आणि तेथे राहणारा हिंदी विद्यार्थी जित देशाचा रहिवासी होता. त्या ग्रंथालयाचे वैभव कोणाच्या संपत्तीवर पोसले गेले, हे अर्थशास्त्राच्या त्या विद्यार्थ्याला इतरांहून अधिक कळत होते. न्यूयॉर्कचीही एक बाजू होती. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम नावाची वस्ती आहे. कृष्णवर्णीय लोक त्या वर्षांत तेथे मोठ्या संख्येने येऊन राहू लागले होते, कारण शहराच्या इतर कित्येक भागांत त्यांना घरे मिळत नसत. म्हणजे जे शहर महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्याला जात विचारीत नव्हते, ते आपल्याच नागरिकांचा रंग पाहत होते. आंबेडकरांच्या लक्षातून ही गोष्ट सुटली नाही. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते ड्युबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रे मागविली होती.

आता या दोन शहरांना तिसऱ्याची जोड द्यावयास हवी, कारण त्यावाचून तुलना पुरी होत नाही. ते तिसरे शहर परदेशी नव्हते. १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात, करारात ठरल्याप्रमाणे नोकरी करण्यासाठी, भीमराव बडोद्याला गेले. युरोप-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती परत आली. जावयाचे कोठे? हिंदू खाणावळीत जात सांगितल्यावाचून जागा मिळणार नव्हती आणि सांगितल्यावर तर मिळणारच नव्हती. अखेर एका पारशी धर्मशाळेत ते गेले. ती केवळ पारशांसाठी होती; तेव्हा तेथील रखवालदाराच्या संमतीने वहीत पारशी नाव लिहून, रोजी दीड रुपयावर, त्यांनी वरच्या मजल्यावरील एक लहान खोली घेतली. भोवतालच्या मोठ्या दालनात मोडके सामान रचलेले होते. रात्री कंदिलाचा उजेड वीतभरही पसरत नसे. वटवाघळे भिरभिरत. न्यूयॉर्कमध्ये एम. ए. झालेला आणि लंडनमध्ये शिकत असलेला तो विद्वान तेथे खोटे नाव घेऊन दहा दिवस राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी, ग्रंथालयात परत करावयाची पुस्तके हाती घेऊन ते कचेरीला निघाले होते, तोच दहा-बारा माणसे लाठ्या घेऊन जिन्यावर आली. सायंकाळच्या आत धर्मशाळा सोडली नाही तर परिणाम बरा होणार नाही, असे त्यांनी बजावले. भीमरावांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला. एकाने, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे सांगितले. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले, आणि त्याचा अर्थ समजावयास वेळ लागला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तेवढा वेळ ते कामाठी बागेत बसून राहिले. काठ्या घेऊन आलेले लोक पारशी होते, आणि जन्मभर पाठीशी उभा राहिलेला भथेनाही पारशीच होता. तेव्हा हा प्रश्न एखाद्या समाजाच्या चांगुलपणाचा वा वाईटपणाचा नव्हता. तो साऱ्या देशात मुरलेल्या रूढीचा होता, आणि हिंदू व ख्रिस्ती परिचितांच्या दारीही त्याचे तेच उत्तर मिळाले.

ही हकीकत आंबेडकरांनी ज्या लहानशा आत्मवृत्तपर लेखनात सांगितली आहे, त्याला त्यांनी ‘व्हिसाची प्रतीक्षा’ या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. न्यूयॉर्कला वा लंडनला ते गेले त्यांविषयी हे नाव नाही. ते मायदेशातील अनुभवांना दिलेले नाव आहे. भारतीय भाषांत वा इंग्रजीत इतक्या थोड्या शब्दांत इतके बोचरे नाव क्वचितच कोणी दिले असेल.

म्हणून न्यूयॉर्क चांगले की लंडन, या वादात फार वेळ घालविण्यात अर्थ नाही. त्या दोहोंतील अंतर थंडीचे, पैशाचे, सोबतीचे होते. दोन्ही ठिकाणी भाडे टाकले की खोली मिळत होती. बडोद्यात दीड रुपया रोजी देण्याची तयारी होती, संस्थानच्या सेवेतील पद होते, तरी खोली मिळाली नाही. मोठे अंतर होते ते येथे.

परक्याला जागा देण्याचा प्रश्न केवळ मोठ्या नगरांपुढेच येतो असेही नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड व गोठणगावच्या परिसरात, नॉरग्येलिंग नावाची तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९५९ नंतर हजारो तिबेटी लोक भारताच्या आश्रयास आले. त्यांतील काही कुटुंबांसाठी ही वसाहत १९७२ मध्ये वसविण्यात आली. हिमाच्छादित पठारावरील माणसे मे महिन्यात अंगाची लाही करणाऱ्या या धानाच्या मुलखात आली. भीमरावांना परतीचा मार्ग मोकळा होता. या लोकांना तो नव्हता, हा भेद लक्षात ठेवावयास हवा. तरीही त्यांनी शेते केली, विहार बांधला, आणि अशा वसाहतींतील पुष्कळ कुटुंबांप्रमाणे हिवाळ्यात स्वेटरांची गाठोडी घेऊन शहरोशहरी दुकाने मांडावयास ती जाऊ लागली. नागपूरला वा अन्यत्र त्यांच्याकडून स्वेटर घेणाऱ्या कित्येक गिऱ्हाइकांना, ही मंडळी महाराष्ट्रातच राहतात, याची कल्पनाही नसते.

न्यूयॉर्क, लंडन आणि बडोदे या तिन्ही शहरांनी त्या पाहुण्याची पुढे आठवण केली. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जेथे ते १९२१-२२ च्या सुमारास राहिले, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले व तेथे स्मारक केले. बडोद्यात जेथे ते गाडीची वाट पाहत बसले, त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात आणि सप्टेंबरात तेथे लोक जमतात. स्मारके उभारणे चांगलेच. परंतु भाड्याच्या खोल्या अजून प्रत्येक गावात आहेत. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी देवरी, सालेकसा, आमगाव या भागांतील मुले-मुली ट्रंका घेऊन गोंदियास शिकावयास येतात आणि खोलीसाठी दारोदार फिरतात. दार उघडणारा प्रथम भाडे सांगतो, की प्रथम आडनाव विचारतो, यावरून त्यांचे गोंदियाविषयीचे मत त्याच दिवशी ठरून जाते. आणि सुटीत गावी परतल्यावर, शहर कसे आहे असे कोणी विचारले, म्हणजे तेच मत ती अंगणात बसून सांगतात.